गाण्याचा ग्रुप तरुणांच्याच हातात द्या: अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खास करून सांस्कृतिक समितीतले ताई-दादा यांस,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेत एक विषय दरवर्षी निघतो, तरुण मुलं येत नाहीत. लहान असताना मराठी शाळेत येतात, गणपतीत नाचतात, हायस्कूलला गेली की गायब. आणि भारतातून नुकतीच मास्टर्स करायला आलेली पोरं-पोरी आरती करून, मोदक खाऊन जातात ती पुढच्या गणपतीपर्यंत दिसत नाहीत. मग एक युथ कमिटी नेमली जाते, तिला पंधरा मिनिटांचा स्लॉट मिळतो, तोही लोक जेवणाच्या लाइनीत उभे असताना, आणि पुढच्या सभेत परत तीच तक्रार. मला यावर एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी इथल्या बार्बरशॉप गाणाऱ्या लोकांकडून शिकलोय. गाण्याचा एक ग्रुप तरुणांना त्यांचा स्वतःचा म्हणून काढू द्या, गाणी त्यांनी निवडायची, डायरेक्टर त्यांनी निवडायचा, ऑडिशन त्यांनी घ्यायची, आणि आपण मोठ्यांनी फक्त हॉल आणि पैसे द्यायचे. हे मी हवेत बोलत नाहीये, हे झालेलं आहे, आमच्या इथेच दक्षिण कॅलिफोर्नियात झालंय.

आधी बार्बरशॉप म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे पट्टेरी जाकीट, गवती हॅट आणि मिशा पिळणारे चार म्हातारे एवढंच येतं. चार आवाज असतात, वाद्य एकही नाही. मुख्य चाल गातो त्याला लीड म्हणतात, त्याच्या वर टेनर हलक्या आवाजात फिरतो, खाली बास पाया धरतो, आणि उरलेला जो सूर लागतो तो बॅरिटोनच्या वाट्याला. मी बॅरिटोन गातो. बॅरिटोनची लाइन एकट्याने गाऊन दाखवली तर कुठलं गाणं आहे ते घरच्यांनासुद्धा ओळखता येत नाही, एकदम वर उडी, मग तीनदा एकच सूर, मग मधेच खाली, पण तो सूर काढून टाकला की कॉर्ड, म्हणजे एकदम लागलेल्या चार सुरांचा मेळ, अर्धवट वाटते, आणि बरोबर बसला की जे होतं ते ऐकण्यासाठी लोक आयुष्यभर दर आठवड्याला रिहर्सलला येतात. चारच लोक गायले तर क्वार्टेट, आणि तेच चार आवाज बारा, चाळीस किंवा शंभर लोकांनी वाटून घेतले तर कोरस.

आपल्याकडच्या गाणाऱ्यांना हे चटकन समजेल असं एक सांगतो. तंबोरा चांगला जुळला की कुणीही न छेडलेला गांधार त्यातून ऐकू येतो, स्वयंभू गांधार, हे आपण सगळ्यांनी गुरुजींकडून ऐकलंय आणि काहींनी स्वतःच्या कानांनीही ऐकलंय. बार्बरशॉपवाले अख्खं आयुष्य त्याच्याच मागे असतात. चार आवाज अगदी नेमक्या प्रमाणात जुळले, म्हणजे ४:५:६:७ अशा कंपनांच्या प्रमाणात, की वर कुणीच न गायलेला सूर वाजायला लागतो, त्याला ते कॉर्ड रिंग झाली म्हणतात. पियानोवर हे होत नाही कारण पियानोचा गांधार किंचित चढा असतो, आपल्या पेटीची जी तक्रार जाणकार करतात तीच, आणि ७ च्या हिशोबातला कोमल निषाद तर पियानोपेक्षा चांगलाच उतरलेला लागतो. म्हणून पिच पाइपवर, म्हणजे सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर, एक सूर घ्यायचा, पाइप खिशात टाकायचा आणि पुढचं सगळं कानाने. शास्त्रीय शिकलेल्या मराठी मुलाचा कान या कामाला आधीच तयार असतो, हे मी खात्रीने सांगतो, त्याला फक्त शेजारचा वेगळं काहीतरी गात असताना आपला सूर धरून ठेवायची सवय करावी लागते.

आता संघटनेचं. ११ एप्रिल १९३८ ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ओवेन कॅश नावाचा टॅक्सचा वकील आणि रुपर्ट हॉल या दोघांनी टल्सा क्लबच्या गच्चीवर लोकांना गायला बोलावलं, २६ जण आले, त्यातून जी संस्था उभी राहिली तिच्या नावातच जतन आणि उत्तेजन हे दोन शब्द होते. म्हणजे जन्मापासूनच मागे बघणारी संस्था. आपल्या तरुणपणी लोक जसे कोपऱ्यावर, दुकानात, न्हाव्याकडे नंबर लावून बसल्या बसल्या गायचे तसं आता राहिलं नाही, ते टिकवू या, ही भावना. भावना चांगलीच आहे, मला त्यात काहीच वावगं वाटत नाही, आपली मंडळंही तशाच भावनेतून निघालीत. पण अशा संस्थेत ज्यांना ते जुने दिवस आठवतात तेच रमतात, आणि वीस वर्षांच्या पोराला आठवण्यासारखं काही नसतं.

आणि एक फार महत्त्वाचं. ज्या लोकांनी हे गाणं जन्माला घातलं त्यांनाच दार बंद होतं. बार्बरशॉपची मुळं कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या क्वार्टेट गाण्यात आहेत, लुई आर्मस्ट्राँगसुद्धा लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर पोरांच्या क्वार्टेटमध्ये गायचा, आणि १९९२ मध्ये लिन ॲबट या संशोधकाने जुन्या वर्तमानपत्रांमधले पुरावे देऊन हे सगळं नीट मांडलं. पण १९४१ मध्ये न्यूयॉर्कची स्थानिक स्पर्धा जिंकलेल्या कृष्णवर्णीय क्वार्टेटला सेंट लुइसच्या राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही, तेव्हा न्यूयॉर्कचे पार्क कमिशनर रॉबर्ट मोझेस आणि माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. तरी कृष्णवर्णीयांना सभासद व्हायला १९६३ उजाडलं. बायकांनी १९४५ मध्ये त्याच टल्सात स्वीट ॲडलाइन्स ही आपली वेगळी संघटना काढली, तिथेही फक्त गोऱ्या बायका असा नियम आला म्हणून काही जणी बाहेर पडल्या आणि १९५९ मध्ये हार्मनी इनकॉर्पोरेटेड सुरू झाली. पुरुषांच्या मूळ संस्थेने, जिचं नाव २००४ पासून बार्बरशॉप हार्मनी सोसायटी आहे, बायकांना सभासदत्व दिलं ते थेट २०१८ मध्ये. मी हे एवढं सविस्तर का सांगतोय ते नीट लक्षात घ्या. तरुण मुलं ग्रुपमध्ये शिरायच्या आधी दारात उभं राहून बघतात की इथे माझ्या मैत्रिणीला, माझ्या मित्राला घेतील का. घेत नसतील तर ती भांडत बसत नाहीत, निघून जातात, आणि गेल्याचं आपल्याला कळतसुद्धा नाही.

तर वेस्टमिन्स्टर. लॉस एंजेलिसच्या खाली ऑरेंज काउंटीत हे गाव आहे, व्हिएतनामी लोकांचं लिटल सायगॉन आहे ना, तेच. २००२ मध्ये इथे काही तरुण गायकांनी एकत्र येऊन वेस्टमिन्स्टर कोरस उभा केला, हेतू उघडच होता, तरुण गाणाऱ्यांना बार्बरशॉपकडे ओढायचं. त्याच भागात तेव्हा मास्टर्स ऑफ हार्मनी नावाचा दणदणीत कोरस होता, १९९० पासून दर तीन वर्षांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा, म्हणजे जेव्हा जेव्हा उतरले तेव्हा तेव्हा जिंकलेच, कारण नियम असा आहे की जिंकलेल्या कोरसने पुढची दोन वर्षं स्पर्धेत उतरायचं नाही. आता विचार करा, शेजारी एवढा मोठा, नावाजलेला ग्रुप असताना काही पोरं म्हणतात आम्ही आमचं वेगळं काढतो. आपल्याकडे काय झालं असतं? मंडळ फोडताय का, असं कोणीतरी नक्की म्हणालं असतं, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर तेच चाललं असतं.

प्रत्यक्षात झालं ते असं. २००७ मध्ये डेन्व्हरला वेस्टमिन्स्टरने सुवर्णपदक जिंकलं, सुरू होऊन पाच वर्षं झाली होती फक्त. पुढच्याच वर्षी २००८ मध्ये मास्टर्स ऑफ हार्मनी जिंकले. २०१० मध्ये परत वेस्टमिन्स्टर, २०११ मध्ये परत मास्टर्स. एकाच भागातले दोन कोरस, एक जुना एक तरुण, आणि पाच वर्षांत चार सुवर्णपदकं त्या दोघांची. म्हणजे तरुणांचा वेगळा ग्रुप निघाला म्हणून जुना ओस पडला असं काही झालं नाही, उलट आसपास गाणाऱ्यांची भूक वाढली की दोघांनाही माणसं मिळतात. वेस्टमिन्स्टर नंतर २०१५ मध्ये पिट्सबर्गला आणि २०१९ मध्ये सॉल्ट लेक सिटीतही जिंकला. मंडळ फुटेल ही भीती ज्यांच्या मनात आहे त्यांनी ही वर्षं एकदा कागदावर लिहून समोर ठेवावीत अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मला त्याहून जास्त आवडते ती २००९ ची गोष्ट. वेल्समध्ये लँगोलेन नावाच्या छोट्या गावात १९४७ पासून दर उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो, दुसऱ्या महायुद्धानंतर वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी एकत्र येऊन गावं म्हणून सुरू केलेला, तिथे जगभरचे कॉयर येतात, युरोपातले पिढ्यान् पिढ्या हार्मनीत वाढलेले. २००९ मध्ये तिथला सर्वोच्च मान, कॉयर ऑफ द वर्ल्ड, वेस्टमिन्स्टरला मिळाला. त्या ट्रॉफीला ऑपेरा गायक पावारोत्तीचं नाव आहे, आणि ते का आहे तेही सांगतो कारण ते आपल्या विषयाला अगदी लागून आहे. १९५५ मध्ये इटलीतल्या मोडेना गावाहून एक पुरुषांचा कॉयर तिथे आला आणि पहिला आला, त्यात एकोणीस वर्षांचा लुचानो पावारोत्ती होता आणि त्याच कॉयरमध्ये त्याचे वडीलही गात होते. बाप-लेक एका ओळीत उभे. त्या विजयाने आपल्याला गायक व्हायची उमेद दिली असं तो पुढे सांगायचा. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या स्टेजवर मोठ्यांच्या बरोबरीने, लुटूपुटूचं नाही, खरंखुरं गायला मिळणं याची किंमत काय असते ते यावरून कळतं.

वेस्टमिन्स्टरवाल्यांचं नेमकं काय बरोबर आलं यावर माझं मत मांडतो, पटेल त्याने घ्यावं. पहिलं म्हणजे त्यांनी तरुण म्हणून सवलत मागितली नाही. दर्जा खाली आणला की तरुण येतील असं मोठ्या माणसांना उगाच वाटतं, सोपी गाणी घ्या, बॉलिवूड घ्या, ट्रॅक लावून द्या. चांगलं गाणाऱ्या तरुण मुलाला सोपं नको असतं हो, त्याला शेजारी आपल्यापेक्षा चांगला गाणारा हवा असतो. वेस्टमिन्स्टरला ऑडिशन आहे, रिहर्सलला पाठ करून यावं लागतं, आणि तरी मुलं येतात, किंबहुना म्हणूनच येतात. दुसरं, गाण्यांची निवड. त्यांनी बार्बरशॉप सोडलं नाही, स्पर्धेत तर ते सोडताच येत नाही कारण संगीत, सादरीकरण आणि गायन अशा तीन विभागांत मार्क असतात आणि शैली सुटली की मार्क जातात, पण कार्यक्रमांत ते चर्चचं संगीत, लोकगीतं, आजच्या संगीतकारांच्या कॉयरसाठीच्या रचना असं सगळं गातात. परंपरा कायम ठेवून दारं-खिडक्या उघडल्या. आणि तिसरं, जे सगळ्यात अवघड आहे, सूत्रं तरुणांकडे राहिली. कोणी त्यांच्यासाठी युथ विंग काढली नव्हती. त्यांनी काढलं, त्यांनी चालवलं, चुकलं तर त्यांचं, जिंकलं तर त्यांचं.

हे एकाच कोरसचं नशीब होतं असं कोणी म्हणेल, म्हणून क्वार्टेटचंही थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये पुरुषांच्या त्याच मूळ सोसायटीने कॉलेजच्या वयाच्या मुलांसाठी वेगळी क्वार्टेट स्पर्धा सुरू केली. तिथून काय निघालं बघा. मिझुरीच्या व्होकल स्पेक्ट्रमने ती २००४ मध्ये जिंकली आणि २००६ मध्ये मोठ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मारली. न्यूझीलंडचे म्युझिकल आयलंड बॉइज, वेलिंग्टनजवळच्या एका शाळेत जमलेली पोरं, २००६ मध्ये कॉलेजची स्पर्धा, २०१४ मध्ये मोठी. स्वीडनचे रिंगमास्टर्स, स्टॉकहोमच्या संगीत शाळेतले, २००८ मध्ये कॉलेजची आणि २०१२ मध्ये मोठी, आणि उत्तर अमेरिकेबाहेरचा पहिला चॅम्पियन क्वार्टेट तोच. अमेरिकन म्हाताऱ्यांचं म्हणून हिणवलं गेलेलं गाणं स्टॉकहोम आणि वेलिंग्टनची शाळकरी पोरं जगात सगळ्यात चांगलं गातात. आपलं गाणं फक्त पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यालाच नीट जमतं असं आपण जे मनोमन धरून चाललोय ना, ते मला अजिबात पटत नाही.

आता बार्बरशॉपमधल्या दोन साध्या सवयी सांगतो ज्या उद्या सकाळी आपल्याला उचलता येतील. एक म्हणजे टॅग. गाण्याचा अगदी शेवटचा तुकडा, पाच-सात ओळीसुद्धा नाहीत, आणि सगळ्यात रसरशीत हार्मनी त्यातच भरलेली असते. अधिवेशनात रात्री दोन वाजता हॉटेलच्या जिन्यात अनोळखी चार जण भेटतात, एक जण तोंडी शिकवतो, नोटेशन नाही, काही नाही, आधी लीड, मग बास, मग बाकीचे, आणि दहा मिनिटांत चौघांची कॉर्ड वाजते. सत्तर वर्षांचे आजोबा सतरा वर्षांच्या मुलाला शिकवतात आणि पुढच्या जिन्यात तो मुलगा दुसऱ्या आजोबांना शिकवतो. कोणी कोणाला ज्येष्ठत्व दाखवत नाही कारण दाखवायला वेळच नसतो. पहिल्या दिवशी आलेला माणूस पहिल्या दिवशीच गाऊन जातो, तरुणांना धरून ठेवायला यापेक्षा सरळ रस्ता मी पाहिलेला नाही. आपल्याकडे नवीन आलेल्याला आधी खुर्च्या लावायला सांगतात.

दुसरं म्हणजे सगळ्यांना येणारी बारा गाणी. सोसायटीने बारा गाण्यांचा एक संच ठरवून दिलाय, बार्बरपोल कॅट म्हणतात त्याला, आणि अपेक्षा अशी की प्रत्येक सभासदाला निदान आपल्या आवाजाचा भाग पाठ असावा. त्यामुळे सिएटलचा टेनर आणि फ्लोरिडाचा बास विमानतळावर भेटले तरी लगेच गाऊ शकतात. आपल्याकडे शेकडो सुंदर गाणी आहेत आणि एकही गाणं असं नाही जे शिकागोच्या आणि ह्यूस्टनच्या मराठी मुलांना चार आवाजांत येतं. आपल्या सगळ्या मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेला, बृहन्महाराष्ट्र मंडळाला, मी हे थेटच विचारतो, १९८१ पासून आपण आहोत, दर दोन वर्षांनी अधिवेशन होतं, हजारो माणसं येतात, तर बारा मराठी गाणी चार आवाजांत नीट लिहून घेऊन सगळ्या मंडळांना फुकट देता येणार नाहीत का? संतांचे अभंग आहेत, ओव्या आहेत, किर्लोस्करांच्या काळातली नाट्यपदं आहेत, त्यांना हक्कांचा प्रश्न येत नाही. हां, अभंग जुना असला तरी आपल्या ओळखीची चाल नंतरच्या संगीतकाराची असू शकते, तिथे परवानगी घ्यावी लागेल, अमेरिकेत प्रकाशित गाण्याचे हक्क साधारण ९५ वर्षं चालतात, तर हे काम एखाद्या वकील सभासदाला आधीच देऊन टाकावं. सोसायटी जुन्या गाण्यांच्या अनेक रचना अशाच मोकळ्या देते आणि सोबत लर्निंग ट्रॅक मिळतात, एका कानात तुमचा आवाज आणि दुसऱ्या कानात बाकीचे तीन, गाडी चालवता चालवता पाठ होतं. नोटेशन न वाचता येणारा माणूस यामुळे अडत नाही, आणि आपल्यातले बहुतेक जण इथेच अडतात.

काही जण म्हणतील आपल्या संगीतात हार्मनी नाही, आपलं एकसुरी, म्हणजे सगळ्यांनी एकाच सुरात गायचं, त्यात पाश्चात्य कॉर्ड घुसवल्या की रागाचं काय होणार. रास्त शंका आहे. प्रत्येक गाण्याला हे जमणारही नाही, मींड आणि गमकांनी भरलेलं पद चार आवाजांत लिहिलं तर त्याचा जीव जाईल, ते तसंच राहू द्यावं. पण ओवी, आरती, समूहगीत, साधा ठेका असलेला अभंग, यांना अडचण नाही. आणि हा निर्णय कोणी घ्यायचा? ज्यांचा कान दोन्हीकडे तयार झालाय त्यांनी, म्हणजे इथे वाढलेल्या, मंगळवारी शाळेच्या कॉयरमध्ये आणि शनिवारी गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या आपल्याच मुलांनी. आपली मुलं गात नाहीत असं नाहीच मुळी. शाळेत कॉयर आहे, शो कॉयर आहे, कॉलेजात आ कापेला, म्हणजे वाद्यांशिवाय गाणारे, ग्रुप आहेत, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पेन मसाला १९९६ मध्ये निघाला आणि त्यानंतर कितीतरी कॉलेजांत देसी आ कापेला ग्रुप झाले, हिंदी गाणी आणि इंग्लिश गाणी गुंफून गातात, हॉल भरतात. ही सगळी गाणारी मुलं घरापासून वीस मिनिटांवर आहेत आणि मंडळात दिसत नाहीत. गाण्याची कमतरता नाहीये, आपल्याकडे त्यांना स्वतःचं वाटेल असं काही नाहीये.

मला माहीत असलेल्या एका मंडळात, नाव घेत नाही, चार-पाच कॉलेजच्या मुलांनी असा ग्रुप करायची तयारी दाखवली होती. समितीने आनंदाने हो म्हटलं आणि लगोलग गाण्यांची यादी पाठवली. मग निवेदन कोण करणार ते सांगितलं, ड्रेस सांगितला, मग एका ज्येष्ठ सभासदांना मार्गदर्शक म्हणून नेमलं. मग एका मुलीने विचारलं की माझा रूममेट मराठी नाही पण बास फार छान गातो, त्याला घेऊ का, तर उत्तर आलं की मंडळाच्या ग्रुपमध्ये मराठीच हवेत. दोन रिहर्सल झाल्या आणि संपलं. कोणाचा हेतू वाईट नव्हता, सगळ्यांना मनापासून मदतच करायची होती, आणि तरी मला त्या गोष्टीचा अजून त्रास होतो कारण बास मिळणं किती कठीण असतं ते मला चांगलं माहीत आहे. तो तमिळ असो, मेक्सिकन असो, कोरियन असो, तो मराठी शब्द पाठ करून अभंग गाणार असेल तर यापेक्षा मराठीची मोठी सेवा कुठली? आपल्या मुलांचे जोडीदार, मित्र, पुढची नातवंडं सगळी अशीच मिश्र असणार आहेत. बार्बरशॉपवाल्यांना दारं उघडायला ऐंशी वर्षं लागली, आपण तेवढी वाट बघायची का?

तर मागण्या लिहितो, मोजक्याच आहेत. येत्या बजेटमध्ये पाहुण्या कलाकारांच्या खर्चातला थोडा वाटा बाजूला काढा आणि त्यातून कोरल कंडक्टिंग (गाणाऱ्या ग्रुपचं दिग्दर्शन) शिकलेला एक तरुण डायरेक्टर वर्षभरासाठी पगारी ठेवा. फुकटात राबणाऱ्या कार्यकर्त्यावर ढकलू नका, अमेरिकेत विद्यापीठांतून दरवर्षी असे लोक पदवी घेऊन बाहेर पडतात आणि अर्धवेळ कामं शोधत असतात, तो मराठी नसला तरी चालेल, उच्चार आपण शिकवू. आठवड्यातली एक संध्याकाळ एक खोली द्या, तीच खोली, तीच वेळ, सणवार आले तरी बदलायची नाही. पंचविशीच्या आतल्या तीन-चार मुलांची समिती करा आणि गाणी, ऑडिशन, कपडे, नाव सगळं त्यांच्यावर सोडा. मुलींसाठी, मुलांसाठी वेगळं हवं की एकत्र हवं हेही तेच ठरवतील, चारही आवाज मुला-मुलींच्या एकत्र ग्रुपमध्येही छान बसतात, बार्बरशॉपमध्येही असे ग्रुप आहेत. आणि पहिलं वर्ष त्यांना आपल्या कुठल्याही कार्यक्रमात गायला लावू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड जाणार आहे, मला कल्पना आहे, गणपती आला की तुमचा हात फोनकडे जाणारच. पण कच्चा ग्रुप जेवणाच्या गडबडीत स्टेजवर उभा केला की मुलांना लाज वाटते आणि ती परत येत नाहीत.

मोठ्यांनी काय करायचं असंही कोणीतरी विचारेल. आम्ही आमचा वेगळा ग्रुप काढून गायचं. मास्टर्स ऑफ हार्मनी घरी बसले नाहीत, ते गात राहिले आणि जिंकत राहिले. पन्नाशी-साठीतल्या मराठी माणसांनी चार आवाजांत गायला शिकायला सुरुवात केली तर मुलांना आपण फक्त टाळ्या वाजवणारे वाटणार नाही, सोबत गाणारे वाटू, आणि मग कधीतरी अधिवेशनात रात्री हॉटेलच्या लॉबीत ते आपल्याला एखादा टॅग शिकवतील.

आणि हे सगळं वाचून ज्यांना आधी स्वतः ऐकायचंय त्यांच्यासाठी, बार्बरशॉपचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या एका संध्याकाळी रिहर्सल असते आणि पाहुण्यांना येऊ देतात, आधी एक ईमेल टाकला की झालं. स्वीट ॲडलाइन्सचे बायकांचे कोरसही तसेच. गेलात की मागे खुर्चीवर बसू नका, रायझरवर (गाणारे उभे राहतात त्या पायऱ्यांवर) जाऊन आपल्या आवाजाच्या माणसाशेजारी उभं राहू का असं विचारा, नाही म्हणत नाहीत. घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या, आणि परत येताना गाडीत त्याला किंवा तिला आधी बोलू द्या.

तुमच्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते इथेच सगळ्यांसमोर लिहावं, हो किंवा नाही जे असेल ते.

आपला,
दक्षिण कॅलिफोर्नियातला एक मराठी बॅरिटोन